गाभाऱ्याचा काळोख

रामटेकच्या मंदिराचा गाभारा आणि त्यात तेवणारा एकच नंदादीप, एवढाच विषय घेऊन मी एचिंगची पहिली मोठी प्लेट जस्तावर केली. एचिंगमध्ये लेप दिलेल्या धातूवर सुईने रेषा ओढतात, उघडा पडलेला धातू अ‍ॅसिडला खाऊ देतात, आणि त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप घेतात. डोळ्यांपुढे डच चित्रकार रेम्ब्रांटचे १६५३ सालचे ‘तीन क्रूस’ हे छापचित्र होते, ज्यात वरून कोसळणारा उजेड ख्रिस्तावर येऊन थांबतो आणि कडेची गर्दी अंधारात बुडते. तसाच काळोख हवा म्हणून मी रेषा तीन दिशांनी, एकमेकींना अगदी भिडवून ओढल्या आणि नागपूरच्या मे महिन्यात प्लेट नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये दुप्पट वेळ ठेवली. प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, निघाला तेव्हा सर्वांत गडद असायला हवा होता तोच भाग राखेसारखा करडा होता.

अ‍ॅसिड फक्त खाली खात नाही, ते बाजूंनाही खाते. रेषा फार दाट असल्या की त्यांच्यामधल्या धातूच्या भिंती ढासळून पसरट खळगा होतो, आणि मलमलीने पुसताना त्यातली शाई निघून जाते; शाई धरून ठेवते ती अरुंद, खोल रेघ. शिवाय उष्णतेने अ‍ॅसिडचा जोर वाढतो, त्यामुळे डिसेंबरात वहीत टिपलेली मिनिटे इथल्या उन्हाळ्यात पाळू नका. बुडबुडे दाट झाले की प्लेट काढा, धुवा, भिंगाखाली पाहा. प्लेट न पाहताच ‘अजून ठेव’ सांगणाऱ्याचे, मग तो कितीही ज्येष्ठ असो, ऐकू नका. माझी प्लेट अशाच सल्ल्याने गेली.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ‘तीन क्रूस’मधला तो मखमली काळा अ‍ॅसिडचा नाहीच, ते काम मुख्यतः ड्रायपॉइंटचे आहे. सुईने तांबे थेट खरवडताना रेघेच्या कडेला जी कोर उठते, ती शाई धरते. पुसताना शाईचा थर मुद्दाम राखून सावली आणण्याची सोपी वाट पुष्कळ जण दाखवतात. रेम्ब्रांटनेही तो थर वापरला, पण पक्क्या रेषांवर. कच्च्या प्लेटला त्याने आधार मिळत नाही.

प्लेट बिघडली म्हणून खचू नका. ‘तीन क्रूस’च्या चौथ्या अवस्थेत, म्हणजे प्लेटमध्ये चौथ्यांदा बदल करून काढलेल्या छापात, रेम्ब्रांटने कितीतरी आकृत्या घासून काढल्या आणि त्यांवर काळोखाचे फटकारे ओढले.

एचिंगमध्ये उजेड रेखाटता येत नाही, तो आधीपासून राखावा लागतो, आणि श्रद्धेचा कस माझ्या मते इथेच लागतो. दुसऱ्या प्लेटवर मी ज्वारीच्या दाण्याएवढी ज्योत अ‍ॅसिड लागू नये म्हणून सर्वांत आधी वार्निशने झाकली. पाचही बाइट, म्हणजे अ‍ॅसिडातल्या बुडवण्या, होईपर्यंत ती दिसली नाही. शेवटी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तेव्हा काळवंडलेल्या रेषांच्या मधोमध तेवढाच धातू कोरा, लखलखीत उरला होता.