नुसता चेलो कसा ऐकायचा? मिरजेच्या तानपुऱ्यापासून सुरुवात करा

चेलो म्हटलं की आमच्या सांगलीत पेन नाहीतर पाण्याची बाटली आठवते, वाद्य नंतर. तर हा व्हायोलिनचा थोरला भाऊ, खालचं टोक जमिनीला टेकवून गुडघ्यांत धरायचा आणि गजाने वाजवायचा, चार तारा, शेजारशेजारच्या दोन तारांत आपल्या सा-प एवढं अंतर. गेल्या शंभरेक वर्षांत नुसत्या ह्या एकट्या वाद्यासाठी, ना पियानो ना ऑर्केस्ट्रा, लोकांनी बरंच काही लिहून ठेवलंय. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा आतून आई ओरडली, "कपाट कोण सरकवतंय रे?" तिचं चुकलं नव्हतं, मी फोनच्या स्पीकरवर लावलं होतं.

म्हणून पहिलं काम, फोनचा स्पीकर बंद. चेलोची सगळ्यात खालची तार साधारण 65 हर्ट्झला बोलते, तेवढा खर्ज त्या चिमुकल्या स्पीकरमधून निघतच नाही, उरते ती नुसती घासाघीस. बरे हेडफोन घ्या, महागच पाहिजेत असं काही नाही.

दुसरं, जमलं तर एकदा मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच गावची असा सरकारी शिक्का, मिळालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं, पण आत जाऊन बसतं कोण! कारागीर तारेखालचा सुती दोरा केसभर इकडे सरकवतो, आवाज मुका, केसभर तिकडे, की एकदम उघडतो. सूर तोच, पण नाद बदलला. मग खर्जाची तार छेडून कान देऊन थांबा, कोणीही न वाजवलेला गंधार वर तरंगायला लागतो, स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. एकाच तारेत वरचा सा, वरचा प, त्याच्यावरचा ग सगळे लपलेले असतात. चेलोवाला हेच मुद्दाम बाहेर काढतो, तारेच्या बरोब्बर मध्यावर बोट नुसतं टेकवलं, दाबलं नाही, की वरचा सा, तिसऱ्या हिश्श्यावर त्याच्या वरचा प, पाचव्यावर गंधार. बासरीसारखा पोकळ आवाज आला की समजायचं हेच चाललंय.

आता माझं मत ऐका, आधुनिक चेलोत चाल शोधत बसलात तर दहा मिनिटांत कंटाळून उठाल. नाद कुठे बदलतोय ते बघायचं. गज घोडीजवळ, म्हणजे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात तिथे, गेला की आवाज चिरका, धातूसारखा होतो, बोटं जिथे दाबतात त्या लाकडी पट्टीच्या बाजूला आला की मऊ, धुरकट. एवढे दोन फरक कानाला कळायला लागले की निम्मं काम झालं.

तिसरं, काय लावायचं. दोन-तीन दिवस बाख ह्या संगीतकाराच्या पहिल्या सुइटचा, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या मालिकेचा, प्रेल्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, ऐका, तो जुना, 1720 च्या आसपासचा, पण एकटा चेलो सूर सुटे सुटे वाजवून पूर्ण साथसंगत असल्याचा भास कसा करतो ते तिथे कळतं. मग लिगेती ह्या संगीतकाराचा सोनाटा, म्हणजे भागाभागांची रचना, ह्यात दोनच भाग, आठेक मिनिटं. पहिला 1948 चा, दुसरा त्याने 1953 मध्ये जोडला. सुरुवातीलाच बोटाने छेडलेले सूर मींडेसारखे घसरतात, आणि मग खालच्या आणि वरच्या तारांचं नवरा-बायकोसारखं बोलणं सुरू होतं, एक बोलतो तेव्हा दुसरा गप्प.

त्यानंतर कोदाय ह्या संगीतकाराचा 1915 चा सोनाटा, अर्ध्या तासाचा, आणि माझा सगळ्यात लाडका. मालकंसाला आपण तानपुरा पंचम सोडून मध्यमाला लावतो ना, तसं ह्याने खालच्या दोन्ही तारा अर्ध्या सुराने उतरवल्यात, त्यामुळे अख्खं वाद्यच वेगळं घुमतं. शेवटचा भाग तर गावच्या जत्रेत सगळे वाजंत्री एकदम सुटल्यासारखा, वाजवणारा मात्र एकच. यानोश स्टार्कर ह्या चेलोवाल्याचं रेकॉर्डिंग आधी ऐका, मग दुसऱ्या कोणाचंही, आणि दोन्हींची फक्त पहिली दोन मिनिटं लागोपाठ लावा. कोणाचा गज तारेला चावतो, कोणाचा सरकतो, एवढंच बघायचं.

ब्रिटन (देश नव्हे, संगीतकार) ह्याच्या तीन सुइट्स 1964 ते 1971 मधल्या, रोस्ट्रोपोविच ह्या चेलोवाल्यासाठी लिहिलेल्या, त्या सवडीने. कैया सारियाहो ह्या संगीतकार बाईंची 'सात फुलपाखरं' नावाची रचना, 2000 सालची, ती रात्री लाईट घालवून, कारण त्यात जवळजवळ सगळं त्या पोकळ सुरांवर आणि थरथरण्यावर आहे. लाखेनमान ह्या संगीतकाराचं 1969 चं 'प्रेसिओन' सगळ्यात शेवटी आणि शक्यतो व्हिडिओवरच, त्यात नेहमीसारखा सूर फार थोडा, गज, घोडी, लाकूड ह्यांचं दाबणं-घासणंच संगीत आहे, हात दिसला नाही तर खरंच कपाट सरकवल्यासारखं वाटतं. नाही जमलं तर सोडून द्या, मीही महिनाभर सोडलं होतं.

चौथं, प्रत्यक्ष ऐकणं. आपल्याकडे असा कार्यक्रम मिळणं मुश्किल, मुंबईला एनसीपीए ह्या कलाकेंद्राचं वेळापत्रक बघत राहायचं आणि रात्रीची गाडी पकडायची. सीट पुढची घ्या, वाजवणाऱ्याचा उजवा हात दिसेल अशी. वाजवणाऱ्याचा श्वास, बोट पट्टीवर आपटल्याचा टक् आवाज, हे रेकॉर्डिंगमध्ये कधी कधी पुसतात, इथे सगळं ऐकू येतं आणि ते दोष समजू नका.

आणि एक, मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या रात्री गाणं ऐकताना आपण जागेवर वाहवा देतो, चेलोच्या कार्यक्रमात ते चालत नाही. दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळीसुद्धा नाही. मला माहीत नव्हतं, कोदायचा पहिला भाग संपल्यावर मी एकट्याने जोरात टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या रांगेतले तिघं मागे वळले. गज तारेवरून उचलला तरी थांबा, वाजवणाऱ्याचा हात पूर्ण खाली आला की मग.