सिक्कीमच्या पवित्र तळ्यांवर जाताय? या चुका टाळा

खेचिओपल्री तळ्याच्या लाकडी धक्क्यावर आमच्यातल्या एका काकूंनी पर्समधून पाच रुपयांचं नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि पाण्यात टाकलं. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. रेल्वे गोदावरीच्या पुलावर आली की त्या आयुष्यभर हेच करत आल्या आहेत. शेजारी दिवे लावणारी एक म्हातारी हातातली काडी तशीच धरून बघत राहिली, बोलली काहीच नाही. मग मागून आमचा ड्रायव्हर (तिकडे ड्रायव्हरला ‘दाजू’ म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ) हळूच म्हणाला, "आमा, यहाँ तो चिड़िया पत्ता भी नहीं छोड़ती."

पश्चिम सिक्कीममधल्या पेलिंगजवळच्या या तळ्याबद्दल तशी श्रद्धाच आहे. चहूबाजूंनी दाट जंगल असूनही पाण्यावर पान तरंगत नाही, कारण पडलेलं पान पक्षी उचलून नेतात. तुम्ही मानाल न मानाल, पण ज्या तळ्यातलं पान पाखरं उचलतात त्यात आपण पैसे टाकतो, हे तिथल्या माणसाला कसं दिसत असेल याचा विचार करून बघा.

गंमत अशी की सिक्कीमच्या तळ्यांवर आपली मराठी मंडळी चुकतात ती बहुतेक वेळा श्रद्धा कमी पडते म्हणून नाही. आपली श्रद्धा आपण तिकडे जशीच्या तशी नेतो. आपल्याकडे तीर्थ म्हटलं की डुबकी, आचमन, निर्माल्य, नारळ आणि घरी न्यायला बाटलीभर पाणी. तिथे तळं हेच देवतेचं घर, त्यामुळे आदर दाखवायचा तो लांब राहून. हे समजायला आपल्याला फार कठीण जाऊ नये. गावच्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा कुणी सरपणाला आणत नाही ना? तळ्याला देवराई समजा, निम्म्या चुका तिथेच टळतील.

पाण्यात पाय सोडणं

सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच. उत्तर सिक्कीममधल्या गुरुडोंगमार तळ्यावर पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. आख्यायिका अशी की आठव्या शतकात गुरू पद्मसंभव इथून जात असताना लोकांनी त्यांना सांगितलं, हिवाळ्यात तळं गोठतं आणि प्यायला पाणी उरत नाही. गुरूंनी एका जागी हात टेकवला आणि तेवढा भाग तेव्हापासून गोठत नाही. बौद्ध, हिंदू आणि शीख या तिघांचीही या जागेवर श्रद्धा आहे. शीख परंपरेत हीच कथा गुरू नानकांची म्हणून सांगतात.

भाविक तिथलं पाणी ओंजळीत घेतात, डोळ्यांना लावतात, कुणी छोट्या कुपीत भरून नेतात. ते चालतं. पण बूट काढून पाय बुडवणं, तोंड धुणं, हिमतीची पैज लावून आत उतरणं हे चालत नाही. तुमच्या गटातलं कुणी तयारीत दिसलं तर आधीच अडवा. श्रद्धेचं राहू द्या, त्या उंचीवर बर्फाच्या पाण्यात उतरलेल्या माणसाला मदत मिळेपर्यंत तासन् तास जातात. गोठलेल्या तळ्यावर चालायचा मोहही तसाच. कडेचा बर्फ जाड दिसतो, पुढचा किती जाड आहे ते वरून कळत नाही.

पताकांशी खेळ

निळी, पांढरी, लाल, हिरवी, पिवळी अशा क्रमाने ओवलेल्या पताका म्हणजे आकाश, वारा, अग्नी, पाणी आणि पृथ्वी. त्यांवर मंत्र छापलेले असतात आणि वारा तो मंत्र पुढे नेतो, अशी कल्पना. म्हणून त्या ओलांडायच्या नाहीत, जमिनीवर ठेवायच्या नाहीत, शालीसारख्या अंगाभोवती गुंडाळून फोटो काढायचे नाहीत. फाटलेली असली तरी ‘आठवण’ म्हणून काढून आणू नका. झिजून विरून जाणं हाच तिचा शेवट असतो.

उंच काठ्यांवरच्या नुसत्या पांढऱ्या पताकांची रांग दिसली तर आणखी जपा. सिक्कीममध्ये त्या बहुधा गेलेल्या माणसासाठी उभारतात, कधी 108. पुढे उभं राहून उड्या मारतानाचा व्हिडिओ काढणं म्हणजे कुणाच्या दहाव्याच्या घाटावर नाचणं. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण मी तसं करणारे पाहिले आहेत.

प्रदक्षिणा आणि प्रार्थनाचक्रं मात्र आपल्यासारखीच, उजवीकडून. इथे आपलं अंगवळणी पडलेलंच उपयोगी पडतं.

घोषणा

हे लिहिलं की काहींना राग येईल. तळं दिसल्याबरोबर वीस जणांनी मिळून "जय भवानी" म्हणणं गडावर शोभतं. तळ्याकाठी पाच पावलांवर कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असतं. आनंद व्हायचाच, पण तो आवाज न करता होतो का बघा. स्पीकर तर गाडीतच राहू द्या. ड्रोन उडवू नका, लष्कराच्या चौक्यांचे फोटो काढू नका. गुरुडोंगमार चीनच्या सीमेपासून जवळ आहे आणि तिथला जवान हे दोनदा सांगत बसत नाही.

कापराची पुडी

आता शरीराच्या चुका. आपल्या सहलींत जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात कापराची पुडी असते. कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. गुरुडोंगमार सतरा हजार फुटांच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच मापाने घटतो.

खरी चूक वेळापत्रकात असते. गंगटोक साडेपाच हजार फुटांवर, लाचेन (गुरुडोंगमारच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव) नऊ हजारांच्या आसपास. पहिल्या दिवशी सहा-सात तास गाडीत हिंदकळत लाचेनला पोहोचायचं, रात्री चार तास झोपायचं, पहाटे चारला निघून सकाळी सतरा हजारांवर. दोन रात्रींच्या पॅकेजमध्ये हेच असतं. जमेल तर लाचेनला दोन रात्री मागा. पैसे थोडे वाढतात, पण तळं शुद्धीत राहून पाहता येतं. आदल्या रात्री दारू नको, पाणी भरपूर प्या, वर गेल्यावर पळू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर घरच्या डॉक्टरांना विचारून, सहप्रवाशाच्या पाकिटातून नव्हे. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवायचं. लहान मुलं, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेले, फार वयस्कर यांना थांगूच्या (लाचेन आणि गुरुडोंगमारच्या मधलं गाव) वर नेऊ नये.

पहाटे का निघतात? दुपारी तिथे वारा असा सुटतो की उभं राहणं मुश्किल. म्हणून वर अर्धा तास पुरे.

लक्षणं आणि उपाय

डोकं दुखतंय, मळमळतंय: गाडीत बसा, पाणी घ्या, दाजूला सांगा. वाढतंय असं वाटलं तर खाली चला, फोटो झाले असोत वा नसोत. पावलं अडखळू लागली, बोलण्यात विसंगती आली किंवा बसल्या जागी धाप लागली तर एक मिनिटही थांबायचं नाही. ऑक्सिजनचा डबा उतरताना वापरा, थांबण्यासाठी नव्हे.

लघवीची घाई: थांगूलाच उरकून घ्या. वर गेल्यावर तळ्याच्या काठाचा आडोसा शोधणं ही या लेखातली सगळ्यात लाजिरवाणी चूक, आणि दुर्दैवाने ती होते.

पाण्याची बाटली विकत मिळेना: बरोबर आहे. लाचेनच्या झुम्साने, म्हणजे तिथल्या परंपरागत गावपंचायतीने, 2012 मध्येच बाटलीबंद पाण्यावर बंदी घातली, आणि 2022 पासून ती राज्यभर आहे. घरून स्टीलची बाटली न्या. चिवड्याची रिकामी पाकिटं, ओले टिश्यू, लहान मुलांचे डायपर हे सगळं परत खाली आणायचं, त्यासाठी एक वेगळी पिशवी ठेवा.

भाचा अमेरिकेतून आलाय: त्याचा पासपोर्ट परदेशी असेल तर ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) भागत नाही. गुरुडोंगमारला परदेशी नागरिकांना सोडत नाहीत. हे लाचेनला पोहोचल्यावर कळलं तर सगळ्यांची सहल नासते. बाकीच्यांनीही ओळखपत्रं आणि पासपोर्ट फोटो आधीच एजंटाकडे द्यावेत, कारण परवान्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नाणं टाकून झालंय: काढायला पाण्यात उतरू नका, ती दुसरी चूक. तिथल्या माणसाला "गलती हो गई" म्हणा. आमच्या काकूंनी म्हटलं. म्हातारीने त्यांच्या हातात एक दिवा दिला आणि पेटवायला काडी पुढे केली.

रस्ता बंद आहे: ड्रायव्हरशी भांडू नका, हजार रुपये जास्त देतो म्हणून गळ घालू नका. 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं तळं फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, आणि उत्तर सिक्कीमचे रस्ते त्यानंतर पुन्हापुन्हा तुटत राहिले. रस्ता बंद असेल त्या दिवशी थांगूला थांबा, चोपता दरीत तासभर बसा, गरम चहा प्या. किंवा सहल आखतानाच पश्चिमेकडचे दोन दिवस हाताशी ठेवा. खेचिओपल्री जेमतेम पावणेसहा हजार फुटांवर आहे. तिथे दमही लागत नाही, फक्त धक्क्यावर चढताना चपला काढायच्या.