नवा कॅमेरा घेण्याआधी शिडी आणा: घरच्या सीसीटीव्हीचं दिवसाचं आणि रात्रीचं चित्र नीट कसं करायचं

आमची सोसायटी कोथरूडमधली, जुनी, बारा फ्लॅटची, खाली पार्किंग आणि पार्किंगवर तीन कॅमेरे. एका रात्री एका गाडीची बॅटरी चोरीला गेली आणि सकाळी सगळे डीव्हीआरसमोर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी) जमले तेव्हा कळलं की इतके दिवस आपण जे रेकॉर्ड करत होतो तो एक पांढराफटक डाग होता, ज्याला दोन पाय होते. चेहरा नाही, शर्ट कसला ते नाही, काही नाही. लगेच मीटिंग, कॅमेरे जुने झालेत, ८ मेगापिक्सलचे बसवून घेऊ, तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन कोटेशन आणा वगैरे. मी म्हटलं थांबा, एक रविवार आणि दोन रात्री द्या मला. एक ॲडॉप्टर सोडला तर काही विकत आणावं लागलं नाही, आणि जे काय केलं ते क्रमाने लिहितोय, तुमच्या घरच्या एकुलत्या एक कॅमेऱ्यालाही हेच लागू आहे.

आधी नीट बघा, मग हात लावा

मोबाईलवर बघून कॅमेरा खराब आहे असं ठरवू नका. ॲप बहुतेक वेळा डेटा वाचवायला हलकं चित्र दाखवतं, त्याला सब-स्ट्रीम म्हणतात, वर कोपऱ्यात एचडी लिहिलेलं असतं ते दाबा. आणि लाइव्ह नको, रेकॉर्डिंग बघा, कारण चोरी झाल्यावर आपल्याकडे तेच असणार आहे. सकाळी ८, दुपारी १ आणि रात्री २ अशा तीन वेळांचं एकेक मिनिट काढा आणि काय बिघडलंय ते कागदावर लिहा. आमच्या कागदावर होतं: एक नंबर, रात्री धुकं. दोन नंबर, रात्री समोर पांढरं आणि मागे काळोख, दिवसा माणसं सावलीसारखी. तीन नंबर, रात्री मध्येच बंद पडतो.

काच पुसा, पण कशानेही नको

एक नंबरचं धुकं म्हणजे कोळ्याचं जाळं निघालं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे, दिवे लागतात, त्याच्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो, त्याचा संसार थेट लेन्ससमोर. दिवसा ते जाळं दिसतही नाही, पण रात्री दिवा दोन बोटांवर असल्याने एकेक तंतू ट्यूबलाइटसारखा चमकतो. वर मोशन अलर्ट चालू असेल तर रात्रभर फोन वाजतो, माणूस आला म्हणून.

आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, मग ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्या. कोरड्या फडक्याने घासू नका, पुण्यात बांधकामाची धूळ काय कमी आहे का, ती वाळूच असते, चरे पडतात. घुमटवाल्या कॅमेऱ्याचं झाकण प्लॅस्टिकचं असतं, त्याच्यावर काच पुसायचा स्प्रे मारला तर ते हळूहळू धूसर होऊ शकतं, साधं साबणाचं पाणी बरं. पावसाळ्यात आतून बाष्प धरत असेल तर रबराची रिंग सरकलीये का बघा आणि उघडलाच आहे तर बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी आत टाका.

कॅमेरा बघतोय कुठे, सगळी गोम इथेच

दोन नंबरला आम्ही दोन वर्षं शिव्या दिल्या आणि त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या चित्रात वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा बीम येत होता, कॅमेऱ्यापासून दीड फुटावर. रात्री इन्फ्रारेडचा उजेड आधी त्या बीमवर आपटायचा, बीम पांढराफेक व्हायचा, आणि कॅमेरा पूर्ण चित्राचा सरासरी उजेड मोजून म्हणायचा, अरे बापरे केवढा उजेड, आणि सगळंच काळं करून टाकायचा. पार्किंग काळंच, कारण बिचाऱ्याने बीमसाठी ॲडजस्टमेंट केलेली.

आता हा उजेड आपल्याला का दिसत नाही, तर डोळ्याला साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश दिसतो आणि कॅमेऱ्याचे दिवे असतात ८५० चे, जवळून बघितलं तर फिकट लाल ठिपके तेवढे दिसतात. ९४० चे असतील तर तेही नाही, पण त्यांचा पल्ला कमी. बऱ्याच मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून हे दिवे जांभळट दिसतात, तसं बघितलं की दिवे लागतायत की नाही ते लगेच कळतं.

तर काम असं: रात्री शिडीवर चढा (खाली कोणीतरी शिडी धरा, हे सांगायला लागू नये पण सांगतो), ब्रॅकेटचा स्क्रू सैल करा, मोबाईलवर चित्र चालू ठेवा आणि जवळचं सगळं पांढरं, म्हणजे बीम, छज्जा, भिंतीचा कोपरा, पाइप, चित्रातून बाहेर जाईपर्यंत कॅमेरा फिरवा. आम्ही तो चार बोटं खाली वाकवला आणि जरासा उजवीकडे घेतला. मागची भिंत, जी कधी दिसलीच नव्हती, ती एकदम उजळली, आणि तिला टेकवून ठेवलेली कुणाची तरी सायकलसुद्धा दिसली जी कुणाचीच नाही म्हणतात.

खिडकीच्या आत वायफाय कॅमेरा ठेवून बाहेर बघत असाल तर तिथेही हेच होतं, काच दिव्याला परत फेकते. सेटिंगमध्ये इन्फ्रारेड बंद करा आणि बाहेर एक दिवा लावा, हाच सोपा इलाज.

कॅमेरा खाली वाकवल्याचा दिवसाही फायदा झाला. आधी चित्राचा वरचा तिसरा हिस्सा आकाश होतं, आकाश उजळ म्हणून माणसं काळी. आकाश काढलं, माणसं उजळली. सूर्याचं मात्र लक्षात ठेवा, तो एका जागी उगवत नाही. जूनमध्ये आपल्याकडे पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. उन्हाळ्यात छान लावलेल्या पूर्वेकडच्या कॅमेऱ्यात थंडीत सकाळी ७ ला सूर्य थेट डोळ्यात येऊ शकतो. म्हणून जूनला एकदा आणि डिसेंबरला एकदा बघा.

समोरच्या बिल्डिंगची खिडकी चित्रात येत असेल तर प्रायव्हसी मास्क नावाची काळी पट्टी मेनूत असते, ती टाका, भांडणं वाचतात.

उंची आणि अंतर

उंच बसवला म्हणजे जास्त दिसतं हा गैरसमज आहे, जास्त टाळू दिसतात. आणि पुण्यात हेल्मेट नसलं तरी स्कार्फ असतोच, त्यामुळे वरून बघून काहीही उपयोग नाही. ८ ते ९ फूट पुरे, हात सहज पोचणार नाही आणि चेहरा येईल.

अंतराचं थोडं गणित करू. ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला सुमारे २५० पिक्सल हवेत असं मानतात. २ मेगापिक्सल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सल रुंद असतं आणि २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० अंश बघते. म्हणजे ३ मीटरवर ती ७ मीटर रुंदी दाखवते, तिथे चेहरा ओळखू येतो. १० मीटरवर तीच लेन्स २४ मीटर रुंदी दाखवते आणि चेहऱ्याच्या वाट्याला येतात जेमतेम १२ पिक्सल. त्यातून सावंतवाडीचं लाकडी खेळणंही ओळखता येणार नाही. म्हणून ज्या अरुंद जागेतून प्रत्येकाला जावंच लागतं, गेट किंवा जिना, ती जागा एका कॅमेऱ्याच्या जवळ ठेवा. गेट कॅमेऱ्यापासून ७ मीटर दूर असेल तर ६ मिलिमीटरची लेन्स लावा, ती अरुंद बघते पण चेहरा देते.

आता मेनू

नावं प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी, पण साधारण इमेज किंवा डिस्प्ले सेटिंग्जमध्ये सगळं सापडतं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि आधीच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवा.

डे-नाइट ऑटोवर ठेवा. संध्याकाळी आत टक् असा आवाज येतो तो इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बाजूला सरकल्याचा. दिवसा झाडं जांभळट-गुलाबी दिसत असतील तर तो फिल्टर अडकलाय, दोन-चार वेळा डे आणि नाइट असं हाताने बदलून बघा, कधी कधी सुटतो. तिन्हीसांजेला कॅमेरा सारखा रंगीत-काळापांढरा करत बसत असेल तर बदलायचा वेळ वाढवा.

स्मार्ट आयआर (आयआर म्हणजे इन्फ्रारेड) चालू करा, जवळ आलेला माणूस पांढरा पडतो तो कमी होतो.

डब्ल्यूडीआर म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळणं. गेटमागे ऊन आणि आत अंधार अशा जागी दिवसा हे हवंच. रात्री मात्र याच्यामुळे चित्रातले दाणेदार कण वाढतात, हलणाऱ्या माणसाला दुहेरी कड येते, त्यामुळे दिवसाचं आणि रात्रीचं प्रोफाइल वेगळं करता येत असेल तर रात्री बंद.

शटरकडे, म्हणजे एकेका चित्रासाठी कॅमेरा किती वेळ उजेड घेतो त्याकडे, कोणी बघत नाही आणि खरी चोरी इथेच होते. ऑटोवर ठेवलं की रात्री कॅमेरा उजेड गोळा करायला शटर हळू करतो, चित्र झकास उजळ दिसतं, सेक्रेटरी खूश. पण चालणारा माणूस सेकंदाला साधारण सव्वा मीटर जातो, म्हणजे १/२५ सेकंदात ५ सेंटिमीटर, आणि १/१२ वर १० च्या वर, चेहरा पुसलाच. रात्री १/५० किंवा १/१०० वर बांधा, चित्र थोडं काळं होईल, होऊ दे. उजळ पुसट चित्रापेक्षा काळपट पण धारदार चित्र कामाचं. नॉइज रिडक्शन, म्हणजे ते कण पुसणारं सेटिंग, तेही फार वाढवू नका, तेही हलणाऱ्या माणसाला मेणासारखं पसरवतं. आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करा, आपली वीज ५० ची आहे, ६० वर ठेवली तर ट्यूबखाली पट्टे सरकतात.

गाडीची नंबर प्लेट रात्री नुसती पांढरी दिसते ना? ती प्लेट उजेड आला त्याच दिशेला परत फेकते. त्यासाठी शटर अजून जलद लागतं आणि मग बाकी पार्किंग काळं होतं, म्हणजे एकच कॅमेरा दोन्ही कामं करेल ही आशा सोडा.

फोकस, दिवा आणि वीज

ज्याची लेन्स हाताने फिरते त्याचा फोकस रात्रीच लावा. इन्फ्रारेडचा फोकस जरा वेगळ्या जागी पडतो, दिवसा काचेसारखं दिसणारं चित्र रात्री मऊ होतं. रात्री लावा, सकाळी तपासा, मधला मार्ग काढा.

साधा ९ वॅटचा एलईडी बल्ब गेटवर रात्रभर जळू दिला तर कॅमेरा रंगात राहू शकतो, लाल शर्ट होता की निळा एवढं तरी कळतं. बल्ब कॅमेऱ्याच्या मागे किंवा बाजूला हवा, समोर नको.

तीन नंबर रात्रीच का बंद पडायचा? रात्री दिवे लागले की करंट जास्त लागतो, आणि आमच्याकडे तिन्ही कॅमेऱ्यांना मिळून १ ॲम्पिअरचा एक ॲडॉप्टर, वर बारीक वायर तीस मीटर लांब. १२ व्होल्ट शेवटापर्यंत पोचतच नव्हते, म्हणून तो एक ॲडॉप्टर नवा आणला. बसवणाऱ्याने तीस-चाळीस रुपये वाचवले असतील. मल्टिमीटर असेल तर रात्री कॅमेऱ्याच्या टोकाशी मोजा, दिवसा मोजून काही कळत नाही.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, दिले तर दिवसाला ४३ जीबी, तीन कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क आठवडाभर. घड्याळ मोबाईलशी जुळवा, आमचं १७ मिनिटं पुढे होतं.

चालून बघा

शेवटी वॉचमनकाकांना रात्री ११ ला गेटपासून जिन्यापर्यंत चालायला लावलं, नेहमीच्या चालीने, मग जरा पळत. पहिल्यांदा चेहरा आलाच नाही कारण माकडटोपी. काढा म्हटलं तर काका म्हणाले थंडी आहे साहेब, चोर पण घालूनच येणार. मुद्दा बरोबर होता. मग जिन्याजवळचा तीन नंबर अजून एक फूट खाली घेतला, टोपीखालून नाक, मिशी, चष्मा सगळं आलं, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये थांबवून बघितलं, लाइव्ह नाही.

नवीन कॅमेऱ्यांचा ठराव रद्द झाला. वाचलेल्या पैशात सोसायटीने कंपाउंडची भिंत रंगवून घेतली, चकचकीत पांढऱ्या ऑइल पेंटने, दोन नंबरच्या बरोब्बर समोर. उद्या परत शिडी काढतोय.