टवका तिळाएवढा असला तरी आधी किती खोल ते बघा

इंदूरहून मानपूर, खलघाट, सेंधवा करत बिजासन घाट उतरून धुळ्यापर्यंत जाऊन आलेली गाडी धुतली, की बॉनेटच्या पुढच्या कडेला रंग उडालेले दोन-चार नवे टवके सापडतातच. खडी भरलेल्या डंपरच्या मागे राहिलं की दुसरं काय होणार! टवका तिळाएवढा दिसतो म्हणून लोक सोडून देतात. पण पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यात त्याच्या कडेला तपकिरी रेघ धरते आणि गंज रंगाच्या खालून सरकत जातो. वरून तीळ दिसतो, खाली ज्वारीचा दाणा झालेला असतो. म्हणून डागडुजी लगेच करायची, आणि ती दिसण्यासाठी नंतर, पत्रा झाकण्यासाठी आधी.

गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. तळाला कारखान्यात बुडवून दिलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर म्हणजे प्रायमर, मग रंग, आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी १०० ते १३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढी. त्यात खुद्द रंग १५-२० मायक्रॉनच असतो.

खोली बघायला टवक्यावर किंवा ओरखड्यावर पाणी टाका. पाण्याखाली तो दिसेनासा झाला आणि नखही अडकलं नाही, तर ओरखडा क्लिअर कोटमध्येच आहे. तिथे रंग लावायचाच नाही. बारीक रबिंग कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) मायक्रोफायबर कापडावर घेऊन हाताने चोळलं की काम होतं. नख अडकलं आणि आत पांढरट किंवा करडं दिसलं तर अस्तर उघडं पडलंय. चकाकी किंवा तपकिरी दिसली तर पत्रा. बंपर प्लास्टिकचा, त्याला गंज नाही, घाईही नाही. मात्र प्लास्टिक उघडं असेल तर प्लास्टिकसाठीचं वेगळं प्रायमर लागतं, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

रंग घेताना ‘पांढरा द्या’, ‘सिल्व्हर द्या’ असं सांगून भागत नाही, कोड लागतो. बॉनेटखालच्या किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर तो बहुतेक गाड्यांत सापडतो. मारुतीच्या सिल्की सिल्व्हरचा कोड झेड-टू-एस. तरी जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, म्हणून आधी कागदावर एक ठिपका वाळवून गाडीला लावून बघा. नेलपॉलिशचा शॉर्टकट नको. उन्हात त्याचा रंगही टिकत नाही आणि ते तडकतंही.

आता तयारी. गाडी शांपूने धुऊन पूर्ण वाळवा आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन राहिलं तर रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल फाटतो. गंज असेल तर सुईच्या टोकाने सुटे पापुद्रे उचकटा. मग ऑफिसातल्या पंचिंग मशीनने २००० नंबरच्या वॉटर पेपरची (ओला करून घासायचा अगदी बारीक पॉलिश पेपर) एक टिकली पाडून पेन्सिलीच्या मागच्या रबराला चिकटवा आणि ओली करून टवक्यातच फिरवा. अख्खा कागद बोटावर धरून घासलात तर आजूबाजूचा चांगला क्लिअर कोट जातो. तपकिरी ठिपका राहतोच असेल तर रस्ट कन्व्हर्टरचा, म्हणजे गंज थोपवणाऱ्या द्रावणाचा, एक थेंब, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक पातळ हात, मग तासभर थांबा. अस्तर शाबूत असेल तर प्रायमर लागत नाही.

रंग देताना बहुतेकांचं चुकतं ते इथे. बाटली दोन मिनिटं नीट हलवा. मेटॅलिकमधले चकाकीचे कण तळाला बसलेले असतात. झाकणाला असलेला ब्रश टवक्यापेक्षा मोठा असतो, तो बाजूला ठेवा. टूथपिकच्या टोकावर अगदी लहान थेंब घ्या, टवक्याच्या मधोमध टेकवा आणि सोडा. तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. ओढायचं नाही, कालवायचं नाही. सॉल्व्हंट, म्हणजे रंग पातळ ठेवणारा द्राव, उडाला की थेंब खाली बसतो, म्हणून एकदम भरलेला खड्डा दुसऱ्या दिवशी पुन्हा खड्डाच दिसतो. आणि जाड थेंबाला वर साय धरते, आत सॉल्व्हंट अडकून बुडबुडे येतात. अर्ध्या-अर्ध्या तासाने दोन-तीन पातळ हात द्या आणि आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खालीच थांबा. उरलेली जागा क्लिअर कोटची. त्याचेही दोन-तीन हात, शेवटी किंचित उंचवटा राहील असे. दोन घटकांचा हार्डनरवाला क्लिअर घरी वापरू नका. त्यातल्या आयसोसायनेटने फुफ्फुसांना इजा होते, ते काम डेंटर-पेंटरचं.

हवामान बघून बसा. मे महिन्यात उन्हात तापलेल्या बॉनेटवर रंग पसरायच्या आत वाळतो. पावसाळी दमट हवेत क्लिअर दुधाळ होतो. हिवाळ्यात माळव्यातली सकाळ दवाची असते. दसऱ्यानंतर, सावलीत, साडेदहा ते तीनच्या दरम्यान काम छान होतं.

मग किमान आठवडाभर हात लावू नका. घाईने घासलं तर मऊ रंग उपटून निघतो. आठवड्याने तीच पेन्सिल, साबणाचं पाणी आणि २००० नंबरची ताजी टिकली घेऊन फक्त उंचवटा घासा, मग ३००० नंबर. दर पाच-सहा फेऱ्यांनी पुसून बघा: उंचवट्याची चमक जाऊन तो आजूबाजूच्या सपाटीला मिळाला की लगेच थांबा. शेवटी बारीक कंपाउंड. मेण महिन्यानंतर.

मेटॅलिक रंगात ठिपका थोडा गडद दिसेलच, कारण टूथपिकने कण स्प्रेसारखे आडवे बसत नाहीत. हातभर अंतरावरून नजरेत येत नसेल तर ते घासत बसू नका. टवका नाण्याहून मोठा असेल, किंवा पत्र्याला पोचा आला असेल, तर लांबी (पुट्टी) भरून पूर्ण पॅनेल स्प्रे करावं लागतं. तिथे टूथपिकचा उपयोग नाही.