क्लिपलेस पेडल आणि क्लीट: निवड, बसवणं, देखभाल

क्लीट म्हणजे सायकलच्या बुटाच्या तळाला बोल्टने बसवायचा तुकडा; तो क्लिपलेस पेडलात अडकतो आणि पाय पेडलला जोडलेला राहतो. पेडल घेण्याआधी बूट उलटा करून तळ पाहा. त्रिकोणात तीन भोकं असतील तर शिमानो कंपनीचं एसपीडी-एसएल किंवा लुक कंपनीचं किओ पेडल चालेल. दोनच असतील तर शिमानोचाच दुसरा प्रकार, एसपीडी. शिमानो आणि लुकच्या क्लीट दिसायला सारख्या, पण एकीची क्लीट दुसरीच्या पेडलात बसत नाही. वाटेत उतरून बरंच चालायचं असेल, तर एसपीडीच बरी: बहुतेक बुटांत ती तळाच्या खाचेत आत राहते आणि घासत नाही.

क्लीटच्या रंगात गफलत होते. रंगावरून कळतं, अडकलेली टाच किती अंश फिरेल. शिमानोची लाल 0, निळी 2, पिवळी 6. लुकची काळी 0, करडी 4.5 आणि लाल चक्क 9. सुरुवातीला 0 नकोच. पाय जखडला जातो आणि कोन जरा चुकला तरी ताण गुडघ्यावर येतो.

बसवताना बूट घालून अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं उंचवट्याचं हाड चाचपा, बुटावर टेप लावून दोन्हींच्या खुणा करा. पेडलचा आस या दोन खुणांच्या मधोमध यायला हवा. बोल्टला ग्रीस लावा. कोरडा बोल्ट गंजून अडकतो, मग ॲलन की (षटकोनी किल्ली) फिरून त्याचं डोकं झिजतं. तिन्ही बोल्ट आलटूनपालटून थोडे थोडे आवळा, शेवटी 5 ते 6 न्यूटन मीटर (हे आवळण्याच्या जोराचं माप). चालवताना टाच सतत एकाच बाजूला जाऊन अडत असेल, तर क्लीटचा कोन चुकलाय. एका वेळी एक-दोन मिलिमीटरच हलवा.

पेडलच्या स्प्रिंगचा ताण आधी सगळ्यात कमी ठेवा. एक हात भिंतीवर टेकवून प्रत्येक पाय वीस-पंचवीस वेळा अडकवा आणि टाच बाहेर वळवून सोडवा. रस्त्यावर त्यानंतरच.

प्लास्टिकची क्लीट चालण्यानेच जास्त झिजते. पुढचं टोक पातळ झालं, की जोर लावताना पाय अचानक सुटू शकतो, तेव्हा त्याआधीच बदला. जुनी काढण्यापूर्वी तिच्याभोवती मार्करने रेघ मारा, नाहीतर जमलेली जागा हातची जाते. दोन्ही पायांच्या एकदमच बदला.

पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात: ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतं. पेडल आडवं हलवून पाहा. खडखड जाणवली तर बेअरिंग तपासा.