एमएस असलेल्या मुलाच्या थकव्याला आळस म्हणू नका

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असलेलं मूल दुपारी वहीवर डोकं टेकवून बसलं, अक्षर वेडंवाकडं यायला लागलं, तर रागावू नका. या आजारात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होतं, संदेश अडखळत जातात. त्यातून येणारा थकवा बाहेरून दिसत नाही, म्हणून ही मुलं उगाच बोलणी खातात. ते बघून जीव तुटतो.

दोन आठवडे छोटी नोंदवही ठेवा: थकवा किती वाजता आला, त्याआधी काय केलं होतं. शक्यतो नोंद मुलालाच करू द्या. मग अवघड विषय त्याच्या ताज्या वेळेत घ्या आणि तीच वही वर्गशिक्षकांना दाखवून परीक्षेत जादा वेळ, मधे १० मिनिटांची विश्रांती मागा. नुसत्या सांगण्यापेक्षा वही जास्त पटते.

शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी नजर धूसर होऊ शकते, पाय जड पडू शकतात. पण तेवढ्यासाठी खेळ बंद करू नका. सावली, गार पाणी, मानेवर ओला रुमाल. अंग थंडावलं की त्रास सहसा ओसरतो. नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टरांना लगेच कळवा.