एआय एजंटला फिटनेस ॲपची टूल्स नीट समजावी म्हणून डिस्क्रिप्शन कसं लिहायचं

नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ग्राउंडवर सकाळी चालणाऱ्या आमच्या ग्रुपसाठी मी आणि एका मित्राने छोटंसं फिटनेस ॲप बनवलंय, त्याला एआय एजंट जोडलाय, म्हणजे फोनवर मराठीत बोललं की नोंद त्याने करायची. नोंद करणं, शोधणं, पुसणं ही कामं एजंट ज्या फंक्शन्सनी करतो ती टूल्स, आणि टूल काय करतं हे एजंटमागच्या मॉडेलला सांगणारा मजकूर म्हणजे डिस्क्रिप्शन. पहिल्याच आठवड्यात चुकीच्या नोंदींचा ढीग झाला. आधी वाटलं मॉडेलच कच्चं आहे, पण शोधत गेलो तर जवळपास प्रत्येक चूक आम्ही लिहिलेल्या टूल डिस्क्रिप्शनमधून निघाली.

एक गोष्ट आधी पक्की करा. मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि कुठली फील्ड (माहितीचे रकाने) भरायची त्याचा स्कीमा म्हणजे आराखडा, एवढंच त्याच्यासमोर असतं, मग तुम्ही टूल्स एमसीपीने (एजंटला टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत) जोडा नाहीतर साध्या फंक्शन कॉलिंगने. आमचं डिस्क्रिप्शन होतं "वर्कआउट सेव्ह करतं". बाकी सगळं आमच्या डोक्यात होतं.

एकक लिहा, आणि शक्यतो फील्डच्या नावातच घाला. आमच्याकडे नुसतं "डिस्टन्स" होतं. आपल्या सावरपाडा एक्सप्रेस कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ मिळवलं, तेच अंतर आपण बोलताना दहा किलोमीटर म्हणतो, आणि फील्डमध्ये 10 काय न् 10000 काय, दोन्ही गुपचूप सेव्ह होतात, एरर येतच नाही. आता नाव "डिस्टन्स_किमी" केलंय आणि खाली लिहिलंय, "किलोमीटरमध्ये, उदा. 3.5". आणि आपल्याकडे किलोमीटर बोलतं कोण, सगळे "चार राउंड मारले" म्हणतात, मग एजंट एका राउंडची लांबी मनाने धरून गुणाकार करायचा. त्यासाठी एक वाक्य वाढवलं: "युजरने राउंड सांगितले तर अंदाजाने किलोमीटर करू नकोस, राउंडचा आकडा राउंडच्या फील्डमध्ये टाक." सूर्यनमस्काराचंही तसंच, एका नमस्कारात 12 स्थिती असतात, तेव्हा आकडा पूर्ण नमस्कारांचा आहे, स्थितींचा नाही, हे लिहावंच लागतं.

सगळ्यात जास्त वेळ तारखेने खाल्ला. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे पहाटे 5 ला ग्राउंडवर आलेल्या माणसाची नोंद आदल्या दिवशी रात्री 11:30 ला पडायची. जे सगळ्यात नियमित येतात, साडेपाचच्या आत, त्यांचाच आजचा दिवस रिकामा दिसायचा, आणि ते बिचारे विचारायचे की मी तर आलो होतो. डिस्क्रिप्शनमध्ये आता स्पष्ट आहे: "वेळ भारतीय वेळेप्रमाणे दे, यूटीसीमध्ये बदलू नकोस, ते काम टूल करतं."

मग "परवा". मराठीत परवा मागचाही आणि पुढचाही. "परवा पांडवलेणी चढलो" आणि "परवा पांडवलेणी चढायचीय", दोन्हीला एजंट एकाच टूलकडे धावायचा. इथे प्रत्येक टूल कधी वापरायचं यापेक्षा कधी वापरायचं नाही हे लिहिल्याने जास्त फरक पडला. नोंदीच्या टूलमध्ये लिहिलं: "फक्त झालेल्या व्यायामासाठी. पुढचा बेत असेल तर प्लॅनचं टूल वापर. क्रियापदावरून कळत नसेल तर युजरला विचार." दोन टूल्स एकमेकांच्या जवळची असतील तर दोन्हीकडे एकमेकांचं नाव घ्या, एकीकडे लिहून भागत नाही.

व्यायामाचा प्रकार मोकळा टेक्स्ट ठेवू नका, ठरलेली यादी द्या: चालणं, धावणं, सायकल, योगा, जिम, ट्रेक, इतर. नाहीतर चालणं, वॉक, वॉकिंग, फिरणं अशा चार नावांनी एकच गोष्ट साठते आणि महिन्याची बेरीज करताना डोक्याला हात लावायची वेळ येते.

टूल परत काय देतं हेही सांगा, हे बरेच जण विसरतात. आमच्याकडे नोंदी शोधणाऱ्या टूलने रिकामी यादी दिली की एजंट सरळ सांगायचा "तुम्ही या आठवड्यात व्यायाम केला नाही". रोज चालणाऱ्या माणसाला हे ऐकवणं किती वाईट. रिकामी यादी म्हणजे नोंद सापडली नाही, एवढाच अर्थ, आणि तो शब्दांत लिहायला लागतो. नोंद पुसणाऱ्या टूलमध्ये, पुसलेलं परत येत नाही आणि आधी नोंद दाखवून हो म्हणून घ्यायचं, ही दोन वाक्यं पहिल्या ओळीत ठेवा, शेवटी नको.

तपासायची पद्धत सोपी आहे. ग्रुपमधल्या एका काकांना डिस्क्रिप्शनची प्रिंट दिली, कोड वगैरे त्यांना काही माहीत नाही, आणि म्हटलं हे वाचून आजची नोंद कागदावर भरा. ते जिथे थांबून "इथे काय लिहू रे?" म्हणाले तिथे तिथे आमचं वर्णन अपुरं होतं. त्यानंतर ग्रुपवर लोक खरंच जी वाक्यं बोलतात ती जमवली, डिस्क्रिप्शनमध्ये एक शब्द जरी बदलला तरी सगळी परत चालवून बघतो. त्यातलं सर्वांत अवघड वाक्य, "श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी केली, रविवारी रात्री निघालो सोमवारी सकाळी पोचलो". ही फेरी म्हणजे त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराला पायी घातलेली प्रदक्षिणा. मग चालणं की ट्रेक, आणि तारीख कुठली? आम्ही ठरवलं, प्रकार चालणं आणि तारीख निघाल्याची, आणि तेही आता डिस्क्रिप्शनमध्ये उदाहरण म्हणून जसंच्या तसं लिहून टाकलंय.